लाल शाई

वीस वर्षे ज्याने मुलांच्या वह्या तपासल्या, त्याच्या स्वभावाला लाल शाईचा थोडासा रंग चढल्यावाचून राहत नाही. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की माझा हात नकळत खिशातल्या पेनाकडे जातो. लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' छापलेला दिसला की अक्षता टाकतानाही माझे मन त्या पहिल्या वेलांटीत अडकून राहते. घरची मंडळी या सवयीला हसतात आणि मीही त्यांच्याबरोबर हसतो. परंतु याच सवयीपायी माझ्या हातून एकदा एक अन्याय घडला. आणि गंमत अशी की तो घडत असताना मला तो न्यायच वाटत होता.

आमची शाळा वसई तालुक्यातली. वर्गात हिंदू मुले आणि ख्रिस्ती मुले एका बाकावर बसतात, एकमेकांचा डबा खातात आणि मराठीच्या तासाला सारख्याच चुका करतात. एकदा सातवीच्या वर्गाला मी 'माझे गाव' हा निबंध घातला होता. एका मुलीने चांगला लिहिला होता. शेतावरची पहाट होती, आजी होती, किल्ल्यातल्या पडक्या देवळांची सहल होती आणि गावच्या रमेदी मातेचा सण होता. आमच्या भागातील जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला 'देऊळ' म्हणतात. तेव्हा तो शब्द मी खोडला नाही. पण बाकीच्या नावांनी माझे डोके फिरले. किल्ल्यातल्या एकाच चर्चला तिने पहिल्या परिच्छेदात 'संत जोसेफ' म्हटले होते, दुसऱ्यात 'सेंट जोसेफ' आणि शेवटी शेवटी, तास संपत आला असावा म्हणून, नुसतेच 'सें. जो.' आणि 'रमेदी' तर सात वेळा! मी सातही वेळा तो शब्द खोडून वर 'रेमेडी' असे लिहिले आणि चार गुण कापले.

वही परत देताना ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, आमची आजी रमेदीच म्हणते."

मी विचारले, "आजीला इंग्रजी येतं का?"

वर्ग हसला. ती खाली बसली. मी पुढची वही उचलली.

इतकेच झाले. चार गुण आणि एक हशा. जगाच्या व्यवहारात याला काही किंमत नाही. पण मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका वयस्कर ख्रिस्ती बाई माझ्याजवळ आल्या. वर्गातील हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. त्या म्हणाल्या, "सर, एका नावाला तीन रूपं दिली म्हणून गुण कापलेत, ते बरोबर केलंत. मुलांना ती शिस्त हवीच. पण रमेदीचे गुण तुम्हांला परत द्यावे लागतील."

"का बरं?"

"कारण ती माता इंग्रजी बोलत आली नाही. ती पोर्तुगीज बोलत आली."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. त्या देवळाचे मूळ पोर्तुगीज नाव 'नोसा सेन्योरा दोस रेमेदियोस'. रेमेदियोस म्हणजे उपाय, औषधे; दुखण्यावर उतारा देणारी ती माता. पोर्तुगीजांचा 'द' हा आपल्या 'दगडा'तला दंत्य 'द' आहे, 'डबा'तला 'ड' नव्हे. म्हणजे ज्या आजीला इंग्रजी येत नव्हते, तिच्या तोंडी चारशे वर्षांपूर्वीचा उच्चार जवळजवळ शाबूत राहिला होता. आणि ज्याला तोडकेमोडके इंग्रजी येत होते, त्या मास्तराने तो सात ठिकाणी लाल शाईने मोडला होता.

मी काही विद्वान नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही आले ते कादंबऱ्या लिहिता लिहिता आणि पुस्तके उसनी मागता मागता आले. त्यामुळे चूक कळल्यावर ती पुरती समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याच सुमारास शाळेची सहल वसईच्या किल्ल्यात जायची होती आणि मुलांसाठी दोन पानांचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. म्हटले, ठीक आहे. निदान या दोन पानांत तरी प्रत्येक चर्चचे नाव एकदा कायमचे नक्की करून टाकू.

पहिल्याच ओळीला गाडी अडली. ज्या गावात किल्ला, त्या गावाचे नाव काय लिहावे? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांनी गावाचे नाव लिहिले 'बासाईं', आणि त्यातला 'स' ते 'सी' या अक्षराखाली छोटी शेपटी जोडून काढीत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा मराठ्यांनी त्याला 'बाजीपूर' असे नाव दिले. इंग्रज आले आणि 'बसीन' झाले; १८०२ चा पेशव्यांचा तह इतिहासाच्या पुस्तकांत त्याच नावाने चढला. राज्यकर्त्यांनी तीन वेळा पाटी बदलली. केळी पाठीवर घेऊन बाजाराला निघालेला शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या 'वसईला जातो' असेच म्हणत राहिला आणि शेवटी त्याचेच नाव टिकले.

गाव झाले. आता चर्च. सेंट जोसेफच्या दर्शनी भिंतीवर १६०१ साली त्याची पुनर्बांधणी झाल्याचा आणि त्या वेळचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या नावाचा पोर्तुगीज लेख आहे. लेखातला संत 'सांव जोझे', गोव्याकडचा 'जुझे', इंग्रजीतला 'जोसेफ' आणि मराठी बायबलातला 'योसेफ' हा सगळा एकच सुतार, मरियेचा नवरा. हे सोपे प्रकरण झाले. आगाशीच्या सेंट जेम्स चर्चचे पाहा. इंग्रजीत जेम्स, पोर्तुगीजात तियागो आणि मराठी बायबलात याकोब! ज्या मुलाने रविवारी याकोबाची गोष्ट ऐकली आणि सोमवारी जेम्सचे चर्च पाहिले, त्याला हे दोघे एकच आहेत हे कोण सांगणार? तियागोची हकिगत तर आणखी मौजेची. 'सांत' आणि 'इयागो' हे दोन शब्द बोलण्यात एकमेकांना चिकटून 'सांतियागो' झाले. पुढे लोकांनी ते पुन्हा सोडवले, पण चुकीच्या जागी. 'त' नावाकडेच राहिला आणि 'तियागो' हे नवेच नाव जन्माला आले. म्हणजे बिरुदाचा एक तुकडा माणसाच्या नावात कायमचा रुतून बसला.

बिरुदाचेही एक कोडेच आहे. पोर्तुगीज माणूस व्यंजनापूर्वी 'सांव' म्हणतो, स्वरापूर्वी 'सांतो', स्त्रीसंताला 'सांता', आणि लिहिताना पुष्कळदा या साऱ्यांचा एकच 'एस' करतो. त्यांच्या थडग्यांवरही असाच 'एस' आढळतो. पण तिथे तो 'सेपुल्तुरा'चा, म्हणजे समाधीचा असतो. एकाच अक्षरात कुठे संत, तर कुठे मृत माणसाची माती! इंग्रज 'सेंट'ची जी दोन अक्षरे करतो, तीच तो 'स्ट्रीट'चीही करतो. आणि त्यापुढे पूर्णविराम द्यावा की न द्यावा यावर इंग्रज आणि अमेरिकन यांचे अजून जमलेले नाही. आणि आपण मराठी माणसे 'सेंट' म्हटले की दिवाळीच्या पहाटे कोटाला लावायच्या अत्तराच्या बाटलीकडे पाहतो. 'संत' लिहावे तर तो आपला घरचाच शब्द. तो संस्कृत 'सत्'पासून आला, 'सेंट' हा लॅटिन 'सांक्तुस'पासून. दोघांचे कूळ वेगळे, नुसता तोंडवळा सारखा. पण गावात दोन माणसे एकमेकांसारखी दिसली म्हणून ती भाऊ होत नसली, तरी शेजारी म्हणून सुखाने राहू शकतात.

इथपर्यंत सारे मजेचे होते. मी मजेतच पुढच्या नावाशी आलो आणि थबकलो. किल्ल्यात डोमिनिकन साधूंचे एक चर्च आहे. त्याचे नाव 'सांव गोन्सालो'. या नावातही तो शेपटीवाला 'सी' आहे आणि छापखान्यात शेपटी नसली की मराठी माणूस ते नाव 'गोन्कालो' असे वाचतो. मी अभिमानाने 'गोन्सालो' लिहिले. आमच्या भागात गोन्सालो म्हटले की एकच नाव डोळ्यांपुढे येते: गोन्सालो गार्सिया, वसईचा सुपुत्र. सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर मरण आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. मी त्या चर्चपुढे भक्तिभावाने 'सें. गोन्सालो (गार्सिया)' असे लिहून मोकळा झालो.

आणि मग तारखा ताडून पाहिल्या. डोमिनिकनांचे ते चर्च १५८३ चे. त्या वर्षी आमचा गार्सिया जिवंत होता. ऐन तारुण्यात होता. जिवंत माणसाच्या नावाचे चर्च कोणी बांधीत नाही! ते चर्च दुसऱ्याच गोन्सालोचे. तो पोर्तुगालमधील आमारांत गावचा, तेराव्या शतकातला डोमिनिकन साधू. उलट किल्ल्यातले जेझुइटांचे जे 'येशूच्या पवित्र नावा'चे चर्च आहे, त्यालाच आज पुष्कळ लोक गोन्सालो गार्सियांचे चर्च म्हणतात. म्हणजे एकाच तटाच्या आत दोन गोन्सालो, दोन देवळे. आणि मी टिपणात सर्वत्र 'सें. गो.' असे सुटसुटीत लिहिले असते, तर क्रुसावर गेलेला वसईचा मुलगा आणि तीनशे वर्षांपूर्वीचा एक पोर्तुगीज साधू यांचा कायमचा एकच माणूस करून टाकला असता. माझे लेखन अगदी सुसंगत झाले असते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखे, आणि एकसारखे चूक.

त्या क्षणी मला सातवीतल्या त्या वहीची आठवण झाली. माझी सात 'रेमेडी'देखील किती सुसंगत होती!

एकरूपता हा सद्गुण आहे काय? आम्हां शिक्षकांना तो फार मोठा सद्गुण वाटतो, आणि काही अंशी तो आहेच. एका चर्चची पाच नावे पाच ठिकाणी पाच तऱ्हेने लिहिली, तर परगावचा वाचक पाच चर्च शोधत फिरेल. ज्याने आपल्यावर विश्वास ठेवून पुस्तक हाती घेतले, त्याला असे फिरवणे हे पाहुण्याला दारापर्यंत बोलावून कडी लावण्यासारखे आहे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घातले. गावाच्या नावातील 'पूर' दीर्घ लिहावा, असाही त्यांत एक नियम आहे. त्यामुळे नागपूरचे, सोलापूरचे काही बिघडले नाही, सर्वांचीच सोय झाली. नियम नको, असे मी म्हणणार नाही. पण नियम हा वाचकाशी केलेला करार आहे. ज्याचे नाव आपण लिहितो, त्याच्याशी आपला दुसरा एक करार असतो, आणि तो आधीचा असतो. आधी नाव खरे हवे. मग ते एकसारखे हवे. हा क्रम उलटला की शिस्तीचा जुलूम होतो.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी हे बोललो, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मास्तर, तुम्ही फार खोलात जाता. वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांच्या घंटा आपल्या देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे. अक्षरं कोणतीही असोत, नाद तोच आहे ना? घंटेला कुठं शुद्धलेखन लागतं?"

बोलणे मोठे छान होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही लगेच उत्तर सुचले नाही. रात्री सुचले. घंटेला शुद्धलेखन लागत नाही, कारण घंटेला दुखत नाही. त्या मुलीला दुखले होते.

नाव बदलले म्हणजे दर वेळी दुखावतेच, असेही मात्र नाही. इंग्लंडातल्या विल्टशरचा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला, तिथे 'पाद्री एस्तेव्हांव' झाला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापले गेले. आपली भाषा परक्या अक्षरांत गेली आणि तरीही आपलीच राहिली. वांद्र्याच्या टेकडीवरील मातेला कोळी मंडळी 'मोत माउली' म्हणतात. त्यातला 'मोत' म्हणजे पोर्तुगीज 'मोंत', डोंगर. आणि माउली तर थेट आळंदीची. हे नाव कोणत्याही नियमात बसत नाही, पण ते हाक मारता मारता घडले आहे. नाव संक्षिप्त करणेही दर वेळी आळसाचे नसते. प्राचीन काळचे ख्रिस्ती लेखनिक देव आणि प्रभू हे शब्द पुरते लिहीत नसत. मोजकी अक्षरे लिहून त्यांवर आडवी रेघ ओढीत. ती शाईची काटकसर नव्हती, तो आदर होता. जेझुइटांच्या चर्चवर 'आय एच एस' अशी तीन अक्षरे कोरलेली दिसतात. ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. आपणही 'ह. भ. प.' लिहितो, तेव्हा बुवांचा अपमान करीत नाही.

तेव्हा प्रश्न अक्षरे किती गाळली हा नाही. कोणी, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने गाळली, हा आहे. माझ्या टिपणाचा पहिला खर्डा पुन्हा वाचला, तेव्हा मला शरम वाटली. किल्ल्यातल्या आमच्या देवळांना मी 'श्री नागेश्वर', 'श्री वज्रेश्वरी' असे पुरते लिहिले होते. चर्चची वेळ आली तेव्हा मात्र 'सें. जो.', 'सें. गो.', 'सें. अँ.' जागा वाचवायची होती ना! पण जागेची काटकसर मला नेमकी दुसऱ्याच्या अंगणात पोचल्यावर कशी आठवली? हे मी द्वेषाने केले नव्हते. द्वेषाने केले असते तर माझे मलाच दिसले असते. मी ते बेफिकिरीने केले होते, आणि बेफिकिरी आरशात दिसत नाही.

मी तो खर्डा फाडला आणि नव्याने लिहायला बसलो. स्वतःपुरते चार नियम केले. ज्यांचे देऊळ आहे, ती माणसे जे नाव घेतात ते आधी आणि पुरते लिहायचे. पुस्तकांतली दुसरी नावे तिथेच एकदा सांगायची, म्हणजे वाचक चुकणार नाही. आणि मग शेवटपर्यंत पहिल्या नावाला धरून राहायचे. परकी नावे उच्चाराप्रमाणे लिहायची, अक्षरांच्या सावलीप्रमाणे नव्हे. आणि जे माप 'श्री'ला, तेच माप 'सेंट'ला; एक पुरता लिहिला तर दुसराही पुरता. माणसांच्या नावांबाबत तर आपण हे पाळतोच. २०२० साली उस्मानाबादेला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ते स्वतः 'दिब्रिटो' लिहीत, म्हणून सगळा महाराष्ट्र 'दिब्रिटो' लिहू लागला. कोणी लाल शाई काढली नाही. मग जो मान अध्यक्षांच्या नावाला, तो आजीच्या रमेदीला का नसावा?

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. एक पाळण्याजवळ होते, दुसरे पाठीमागे. माझ्या हातून ती मात्रा नकळत पडली होती.

सहलीच्या आदल्या दिवशी मी वर्गात टिपणाच्या छायाप्रती वाटल्या. वाटण्यापूर्वी म्हणालो, "निबंधाच्या वेळी मी एक शब्द खोडला होता. तो शब्द बरोबर होता. चूक माझी होती. आणि आजीविषयी मी जे बोललो, ती त्याहून मोठी चूक होती." वर्ग या वेळी हसला नाही. शिक्षकाने चूक कबूल केली की मुले अगदी गप्प होतात; एवढ्या गप्प, की पंख्याचा आवाज ऐकू येतो. ती मुलगी मान खाली घालून टिपण वाचत होती. पहिल्या पानावर किल्ल्याबाहेरच्या देवळांत 'रमेदी माता' असे ठळक लिहिले होते. ते तिला दिसले की नाही, मला कळले नाही.

तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली.

"सर, एक सांगू?"

"सांग ना."

तिने दुसऱ्या पानावर बोट ठेवले. "सगळीकडे सेंट पुरतं लिहिलंय. इथं एका ठिकाणी सें. राहिलंय."

मी पाहिले. राहिले होते खरे. चार वेळा तपासूनही राहिले होते.

खिशातले लाल पेन मी तिच्या हातात दिले. तिने टेबलावर वाकून, जीभ दातांत धरून, तो अनुस्वारावरला टिंब न हलवता पुढे नीट 'ट' काढला आणि टोपण लावून पेन मला परत दिले.